सहावं वळण, मागचं उजवं चाक

सोमवार, ३ मार्च

आज वहिनी माझ्या गाडीत बसली.

माझ्या म्हणजे मालकांच्या, एवढं मलाही कळतं. पण गेले तीन मोसम त्या सीटचा फोम माझ्या पाठीच्या मापानं कापलेला आहे, आणि आज वहिनीला नीट बसता यावं म्हणून दादानं तिच्या पाठीमागे उशी लावली. उशी! माझे टायर बदलताना याला कधी पाणी विचारायचं सुचलं नाही. लग्नाला आठ महिने झालेत आणि सख्खा भाऊ उशा वाहायला लागला.

सुरुवात बाबांनी केली. रेस तीस तारखेला. ट्रॅक जुना, डांबर जागोजागी उखडलेलं, आणि गाडी काही केल्या तिथे रस्त्याला धरून बसत नाही. बाबा पंचवीस वर्षं रेसच्या गाड्यांचं सस्पेन्शन लावतात. स्प्रिंग किती कडक, शॉकअप किती सैल, चाक किती कललेलं, सगळं त्यांच्या बोटांत आहे. लावायची त्यांनी आणि चालवायची मी, असं आमचं ठरलेलं. काल जेवताना ते सहज म्हणाले, "सूनबाई, तू सहा वर्षं अँब्युलन्स चालवलीस. एकदा आमच्या गाडीत बसून बघ." मला थट्टा वाटली. सगळ्यांत मोठ्यानं मीच हसले.

चार फेऱ्या मारल्या तिनं. माझ्याहून सात सेकंद हळू. आई भिंतीपाशी खुर्ची टाकून स्टॉपवॉच धरते. तिला वाटलं घड्याळ अडकलं.

पण मग बाबांचा नियम आला. फेऱ्या संपल्या की ड्रायव्हरनं उतरायचं नाही, हेल्मेट काढायचं नाही, वेळ विचारायची नाही. आधी गाडी कशी वाटली ते सांगायचं. बाबा खिडकीशी वाकून शब्द न् शब्द वहीत उतरवतात. दुसऱ्या कोणी तेव्हा जवळ थांबायचं नाही, म्हणून मी फाटकाशी उभी. पंचवीस मिनिटं! पेन्सिल दोनदा तासली त्यांनी.

माझं सांगणं अर्ध्या मिनिटात संपतं. मी म्हणते "छान आहे, बाबा", आणि ते लिहितात. एवढं काय असतं बोलण्यासारखं?

बुधवार, ५ मार्च

जेवणाच्या टेबलावर मिठाची बाटली म्हणजे मागचं उजवं चाक, आणि दोन चमचे म्हणजे पुढची. सासरा-सून समोरासमोर बसून ती बाटली इकडून तिकडे सरकवतात. आई दोनदा म्हणाली, गार होतंय. कोणी ऐकलं नाही. मला मीठ हवं होतं, तेही मागवेना.

वहिनी सांगत होती, "मागे पेशंट झोपलेला असायचा ना, बाबा. रस्ता मला दिसायच्या आधी त्याला कळायचा. तो कण्हला की मी समजायचे, डावं चाक आदळलं की उजवं."

बाबांचा घास हातातच राहिला. मी बारा वर्षांची असताना पहिली ट्रॉफी आणली, तेव्हासुद्धा असे बघितले नव्हते.

मला ती "वन्सं" म्हणते आणि वर "तुम्ही". तेही हसत हसत. अंगाचा नुसता तिळपापड होतो. भांडावं तर भांडायला जागा ठेवत नाही बाई.

शनिवार, ८ मार्च

आज मजा आली! लिहायला हात शिवशिवतोय.

बाबांनी दोघींना सांगितलं, मागचे शॉकअप बदलतोय, तीन-तीन फेऱ्या मारून फरक सांगा. गाडीखाली झोपले, पाना वाजल्याचं मी स्वतः ऐकलं. आधी मी गेले. पहिल्याच वळणात कळलं. काय सुरेख बसली होती! वेळही अर्ध्या सेकंदानं उतरली. मी म्हटलं, "एकदम मस्त, बाबा. आत्ता कुठे गाडी झाली." आज तर चांगली तीन वाक्यं बोलले.

मग वहिनी गेली. तिचं सांगणं दोन मिनिटांत आटोपलं. नंतर मीच तिला कपडे बदलायच्या खोलीत विचारलं, तर म्हणते, "मला काहीच फरक कळला नाही हो, वन्सं. माझंच चुकत असेल."

फरकच कळला नाही! एवढा ढळढळीत फरक. मिठाच्या बाटल्या सरकवणं सोपं असतं. मी तिला धीर दिला, म्हटलं, होईल सवय. फार दिवसांनी मनापासून प्रेमानं बोलले तिच्याशी.

बाबा मात्र वही मिटून नळाखाली किती तरी वेळ हात धूत राहिले. दमले असतील. वय झालं आता.

रविवार, ९ मार्च

मालक येऊन गेले. रंगाच्या कारखान्यात जीव, पण मोसमातून दोनदा गॅरेजमध्ये येऊन गाडीवर हात फिरवतात. म्हणाले, "रेसला एकच नाव द्यायचंय, बावीस तारखेपर्यंत. दोघींपैकी कोण, ते सेटिंगवाले सांगतील."

सेटिंगवाले म्हणजे बाबा. बाबांनी फडक्यानं गाडीवरचे मालकांच्या बोटांचे डाग पुसले. वास्तविक "त्यात सांगायचं काय, माझी पोर आहे ना" एवढं म्हणायला काय हरकत होती?

बुधवार, १२ मार्च

मी सध्या जबरदस्त फॉर्मात आहे. आज माझी आजवरची सगळ्यांत चांगली वेळ, मागच्या आठवड्यापेक्षा दीड सेकंद कमी. गाडी हातात आपोआप येते. वहिनी अजून दोन सेकंद मागे आहे, आणि तरी बाबांनी तिचीच दोन पानं भरली. बाबा तिच्या सांगण्यावरून काय काय फिरवत असतात कोण जाणे. मला सांगत नाहीत; तोही नियमच. माझी वेळ माझ्या हातांमुळे उतरतेय, हे त्यांच्या लक्षात कसं येत नाही?

शुक्रवार, १४ मार्च

आज बाबांनी मला बसवून विचारलं, "बंड्या, तिसऱ्या वळणात काय होतं?" मुलगी असून मला लहानपणापासून बंड्या म्हणतात.

"काही नाही. छान आहे."

"दादा भिंतीवरून बघत होता. स्टीअरिंग दोनदा सोडून पुन्हा धरतेस तू."

"ते मी सांभाळते, बाबा."

"सांभाळतेस, दिसतंय मला. काय सांभाळतेस ते सांग."

मला रडू आलं. तक्रार करत नाही हा माझा गुन्हा झाला! मी नऊ वर्षांची असताना बाबांनी मला रेसची छोटी गो-कार्ट बांधून दिली होती. चार महिने खपत होते. मी एक फेरी मारली आणि म्हटलं, पुढून कसंतरीच वाटतं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर अख्खी कार्ट सुटी करून ठेवलेली आणि बाबा तिच्या मधोमध खाली मान घालून बसलेले. तेव्हापासून मी त्यांच्या कामाला नाव ठेवलेलं नाही. गाडी ओढली तर ओढू दे, उडाली तर उडू दे, मी हातांनी निभावते आणि छान म्हणते. ही कालची आलेली त्यांच्या तोंडावर सांगते, इथे चुकलं, तिथे चुकलं, आणि तिचं कौतुक!

म्हटलं, "तिला विचारा." बाबा म्हणाले, "तुला विचारतोय." मी उठून गेले.

सोमवार, १७ मार्च

खोटं कशाला लिहू. मी वहिनीचा खिसा तपासला.

सराव संपल्यावर ती आईबरोबर खुर्च्या उचलायला गेली होती. तिचा ट्रॅकवरचा पोशाख खुंटीला होता आणि खिशातून चिठ्ठीचं टोक बाहेर आलं होतं. टोक बाहेर नसतं तरी मी बघितलं असतं. अक्षर शाळेतल्या मुलीसारखं गोल.

"वळण सहा. मागचं उजवं चाक मागाहून येतं. गाडी आधी वळते, मग श्वासभर काहीच नाही, मग मागचं धपकन बसतं. कूस बदलताना पेशंटचा हात अंगाखाली राहून जावा तसं."

म्हणजे असं असतं तर. असं बोललं की बाबा पेन्सिल तासतात. बुधवारी सांगायचं म्हणून टिपून ठेवलेलं दिसतंय. बुधवारी पहिली पाळी माझी आहे.

चिठ्ठी होती तशी खिशात ठेवली. पाठ करायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

बुधवार, १९ मार्च, दुपार

हे आधी लिहून ठेवते, मग जेवायला जाते.

खरं म्हणजे आज सहावं वळण अगदी गुळगुळीत गेलं. मागाहून काही आलं नाही की बसलं नाही. पण असल्या बारीक गोष्टी मला कुठे कळतात, असं मनाशी म्हटलं आणि सांगून टाकलं. हेल्मेट डोक्यात, समोर बघत, सावकाश. "मागचं उजवं चाक मागाहून येतं, बाबा." श्वासभर थांबायचं तेही थांबले. पेशंट तेवढा गाळला, म्हटलं, "झोपेत हात अंगाखाली राहून जातो ना, तसं."

बाबांची पेन्सिल थांबली. माझ्याकडे बघितलं. मग इतक्या भराभर लिहायला लागले की कागद फाटतो की काय. शेवटी माझ्या हेल्मेटवर तळवा ठेवला आणि तसाच ठेवून राहिले. "शाब्बास, बंड्या."

आयुष्यात एवढा आनंद मला कुठल्याही ट्रॉफीनं दिला नाही. बाबा शीळ घालत गाडीखाली शिरलेत. जेवणानंतर वहिनीची पाळी.

बुधवार, १९ मार्च, संध्याकाळ

वहिनी सहाव्या वळणात आपटली. गाडीचं मागचं अंग एकदम सुटलं, दोन गिरक्या, आणि टायरच्या भिंतीवर. स्टीअरिंग उलटं फिरून हातावर आलं. उजवं मनगट मोडलंय. दादा तिच्याबरोबर दवाखान्यात आहे.

मी काहीही केलेलं नाही. गाडीला हातसुद्धा लावला नाही.

गुरुवार, २० मार्च

सहा आठवडे प्लॅस्टर. वहिनी पलंगावर उशांना टेकून बसली होती. मला बघून हसली आणि म्हणाली, "या वन्सं, आता सीट तुमचीच. उशी तेवढी परत द्या." मी पण हसले. बाहेर येऊन जिन्यात बसून राहिले.

लिहायला लाज वाटते, पण दवाखान्याच्या दारात शिरताना मनात पहिला विचार तोच आला होता. सीट माझी. दुसरा विचार वहिनीचा.

शुक्रवार, २१ मार्च

बाबांनी काम सोडलं.

मालकांना गॅरेजमध्ये बोलावून सांगितलं, मी तिथेच होते. "दोघींनी वेगवेगळं बसून अगदी एकच सांगितलं, साहेब. एवढी खात्रीची गोष्ट मला पंचवीस वर्षांत मिळाली नव्हती. आणि तरी मी चुकीचं लावलं. माझा अंदाज गेला. पोरीला तसल्या गाडीत बसवलं मी. तीस तारखेला दुसरा कोणी बघा."

मालक म्हणाले, असं होतं कधी कधी. बाबा म्हणाले, माझं होत नाही. मग त्यांनी पाने एकेक करून पुसले आणि पेटीत ठेवले. पेटी घरी आणली नाही.

मी तिथे उभी होते. तोंड उघडायला एवढा वेळ होता मला.

शनिवार, २२ मार्च

रेसला माझं नाव गेलं. मालकांनीच पाठवलं. आईनं पाठीवर हात फिरवला. दादा "बेस्ट लक" म्हणाला आणि वहिनीला औषध द्यायला आत गेला.

संध्याकाळी माझं हेल्मेट आणायला गॅरेजमध्ये गेले, तर बाबांची वही बाकावर तशीच. मी उघडली. दुसऱ्यांचं वाचायची आता सवयच लागली आहे.

"८ मार्च. काहीही बदललं नाही. नुसता पाना वाजवला. बं. म्हणते, एकदम मस्त. सू. म्हणते, फरक नाही."

मी खाली बसले. लादी गार होती.

"१७ मार्च. सू. सांगते, वळण सहा, मागचं उजवं मागाहून येतं." पुढे चिठ्ठीतलं सगळं, पेशंटसकट. म्हणजे तिचं ते सोमवारीच बाबांना सांगून झालं होतं. मला वाटलं होतं ती बुधवारी सांगणार. खाली, "१८ मार्च. मागचा उजवा शॉकअप तीन क्लिक कडक केला. काम झालं असं वाटतं." झालंच होतं. बुधवारी सहावं वळण गुळगुळीत गेलं ते त्यामुळे. आणि ते गुळगुळीत आहे एवढंच सांगायचं होतं मला. त्या दिवशी छान म्हटलं असतं तर तीन वर्षांत पहिल्यांदा खरं बोलले असते.

"१९ मार्च. बं. आज तेच सांगते, जवळजवळ त्याच शब्दांत. म्हणजे तीन पुरले नाहीत. आणखी तीन." सहा क्लिक, म्हणजे हवं होतं त्याच्या दुप्पट कडक. त्यानंच मागचं अंग सुटलं.

त्या ओळीच्या बाजूला, समासात, पेन्सिलनं दोनदा गिरवलेलं: "पोर बोलायला लागली."

हेल्मेट तिथेच विसरले.

रविवार, २३ मार्च

सकाळी आधी वहिनीकडे गेले. दादा आंघोळीला गेल्याचं बघून दार लावलं आणि सगळं सांगितलं. खिसा, चिठ्ठी, सगळं. ती प्लॅस्टरकडे बघत म्हणाली, "मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"गाडीत बसायच्या आधीपासून. बाबा इतके खुशीत होते की नियम विसरले. म्हणाले, 'बंड्यापण तेच सांगतेय, हात अंगाखाली राहून जातो तसं.' ते तर माझं वाक्य, मी काय ओळखणार नाही? तेव्हाच म्हणायला हवं होतं की बाबा, थांबा, तिला पुन्हा विचारा. पण बाबांचा चेहरा बघितला आणि जीभ उचलेना. म्हटलं, आपण कशाला बापलेकीच्या मध्ये यायचं? नणंद आहे, राहू दे." मग तिनं पहिल्यांदाच मला 'तू' म्हटलं. "तेवढं एक वाक्य बोलले असते तर हात शाबूत असता माझा. तू मूर्ख आहेस आणि मीही आहे. मी कोणाला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. काय करायचं ते तू बघ."

तिनं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुपारी बाबा अंगणात खुर्चीवर बसले होते. मांडीवर वर्तमानपत्र, घडी न मोडलेलं. मी समोर जमिनीवर बसले आणि उठून पळून जायच्या आत बोलून टाकलं. संपल्यावर बाबा म्हणाले, "त्या दिवशी सहाव्या वळणात तुला स्वतःला काय वाटलं होतं?"

"काहीच नाही. गाडी सरळ, गुळगुळीत गेली."

"मग ते का नाही सांगितलंस?"

"जळत होते, बाबा. तुम्ही तिचं पान पान लिहायचात."

बाबांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. म्हणाले, "तुझं 'छान' खोटं आहे, हे मला दुसऱ्या मोसमातच कळलं होतं. मीही खोदून विचारलं नाही. ऐकायला बरं वाटायचं."

एवढं बोलून ते उठले आणि फोन लावला. मालकांना. मी दारात उभी.

"साहेब, तीस तारखेचं पोरीचं नाव काढून टाका... नाही, नाही, तिचा काही दोष नाही. गाडीच बसली नाही. माझ्याच हातून चुकलं सगळं. तिला पुढच्या मोसमाला ठेवा, चांगली चालवते."

पाना वाजवला ती परीक्षा सोडली, तर बाबांना खोटं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. किती सहज बोलले! मी गप्प राहिले असते तर झालं असतं. सीट पुढच्या मोसमाला होती, नाव स्वच्छ होतं, आणि बाबांनी आपल्या पंचवीस वर्षांवर स्वतःच पाणी सोडलं होतं.

मी त्यांच्या हातातून फोन घेतला.

"साहेब, मी बोलते. गाडी मंगळवारीच नीट बसली होती. बुधवारी मी वहिनीचे शब्द चोरून माझे म्हणून सांगितले, म्हणून बाबांनी ती परत फिरवली. वहिनी माझ्यामुळे आपटली. बाबांचं काही चुकलेलं नाही. त्यांना सोडू नका."

पलीकडे मालकांनी खुर्ची सरकवल्याचं ऐकू आलं.

"मग तुझं नाव काढू?"

"काढा."

"पुढच्या मोसमाचंही आज मी काही बोलत नाही."

"नका बोलू."

"त्यांना दे फोन."

बाबांनी फोन घेतला, ऐकलं, दोनदा "हो" म्हणाले, एकदा "उद्या सकाळी येतो" म्हणाले, आणि ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही. मग म्हणाले, "चल, जेवून घेऊ."

जेवताना वहिनीला डाव्या हातानं घास उचलता येत नव्हता. बाबा आपलं ताट बाजूला सारून तिच्या शेजारी जाऊन बसले आणि तिला कालवून द्यायला लागले. मी समोरून बघत होते. नाव गेलं, सीट गेली, तिचा हात माझ्यामुळे मोडला, आणि एवढं सगळं होऊनसुद्धा माझ्या पोटात दुखलं. मला कधी कालवून दिलं होतं त्यांनी, आठवेना.

हेही उद्या बाबांना सांगायचं आहे. गॅरेजमध्ये त्यांच्याबरोबर जाईन म्हणते.